सायकलला कुलूप कोणतं आणि कसं? पुण्यातल्या सायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकल घेताना गिअर किती, टायर कुठले, डिस्क ब्रेक हवा की नको यावर दुकानात तासभर खल होतो. कुलूप मात्र दुकानदार काउंटरवरून जे पुढे सरकवेल ते. खालची उत्तरं पुण्याच्या हिशोबाने दिली आहेत, म्हणजे सोसायटीचं पार्किंग, क्लासची गल्ली, फर्ग्युसन रस्त्याचा फूटपाथ आणि चार महिन्यांचा पाऊस गृहीत धरून.

आमच्या सोसायटीत वॉचमन आहे, कॅमेरे आहेत. मग कुलूप कशाला?

सायकली तिथूनच जातात म्हणून. सायकल गेल्याच्या ज्या कहाण्या कानावर येतात, त्यातल्या बहुतेक 'आमच्याच पार्किंगमधून' अशाच सुरू होतात. रस्त्यावर माणूस सावध असतो. घरी आल्यावर सायकल खांबाला टेकवतो आणि लिफ्टमध्ये शिरतो.

चोराच्या बाजूने बघा. हातात एखादं खोकं घेतलं की तो कुरिअरवाला झाला, गेटमधून आत. पार्किंगमध्ये कोणत्या सायकलवर धूळ बसली आहे, कोणत्या टायरमधली हवा गेली आहे, हे एका नजरेत कळतं. धूळ म्हणजे मालकाचं महिनाभर लक्ष नाही. अशी सायकल गेली तरी चोरीचा पत्ता पोराला सुट्टी लागेल तेव्हाच लागणार. आणि सायकलवर बसून गेटबाहेर पडणाऱ्याला वॉचमन अडवत नाही. का अडवेल? दिवसभर पोरं तेच करत असतात.

कॅमेऱ्याचा उपयोग चोरी कळल्यानंतरचा. त्यात टोपी दिसते, पाठ दिसते आणि सायकल जाताना दिसते. शिवाय डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्याभरात. तुमच्याकडे किती दिवसांचं राहतं ते सेक्रेटरींना आजच विचारून ठेवा.

चाकाला कुलूप आहे. ते पुरेसं नाही का?

मागच्या चाकावर बसवलेलं, आऱ्यांमधून आडवी कडी जाणारं ते कुलूप बाकरवडी घ्यायला दुकानात शिरताना चांगलं. त्याने सायकल चालवता येत नाही, एवढंच. उचलता येते. जुन्या लोखंडी सायकलचं वजन वीस किलोच्या आसपास असायचं, ती खांद्यावर टाकून नेणारा लगेच डोळ्यांत भरायचा. हल्लीची अॅल्युमिनियमची सायकल बारा-चौदा किलोची, कार्बनची त्याहूनही हलकी. मागचं चाक उचलून पुढच्या चाकावर ढकलत नेली, तर बघणाऱ्याला वाटेल पंक्चर झाली आहे.

कुलपाचा प्रकार नंतर ठरवा. आधी हे ठरवा की सायकल कशाला तरी *बांधलेली* असेल. सायकलला नुसतं कुलूप घालणं वेगळं आणि जमिनीतून न उपटणाऱ्या वस्तूला तिला बांधणं वेगळं.

केबल, साखळी, यू-लॉक, घडीचं कुलूप: यातलं कोणतं घ्यावं?

केबल पुण्यात सर्वात जास्त खपते, कारण ती हलकी, स्वस्त आणि रंगीत असते. बाहेरून बोटाएवढी जाड दिसते, पण त्यातला बराच भाग प्लॅस्टिक. आत बारीक तारांचा पीळ असतो. मोठा कटर नसला तरी साध्या वायर कटरने एकेक पदर तोडत गेलं की काम होतं, आवाजही होत नाही. मुख्य कुलूप म्हणून केबल घेऊ नका. पुढचं चाक किंवा हेल्मेट अडकवायला दुय्यम म्हणून ठीक.

यू-लॉक म्हणजे पोलादी दांड्याचा यू आणि खाली आडवा दांडा. वजन आणि मजबुती यांचा मेळ यात सर्वात चांगला बसतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, यूचे दोन्ही पाय आडव्या दांड्यात पकडले जातात की एकच. दोन्ही पकडले जात असतील तर चोराला सहसा दोन ठिकाणी कापावं लागतं, कारण एका कापाने यू फिरून निघत नाही. दोन, आकार. मोठा यू सोयीचा वाटतो, पण आत मोकळी जागा जितकी जास्त तितका पहार किंवा गाडीचा छोटा जॅक घालून फाकवायला वाव. फ्रेम, चाक आणि खांब एवढं मावून यू जवळपास भरला पाहिजे.

साखळी लवचीक असते, जाड खांबालाही वळसा घालते. पण चांगली साखळी जड असते. १३-१४ मिमी कड्यांची मीटरभर साखळी साडेतीन ते पाच किलोपर्यंत भरते. ती रोज वाहून नेण्याची वस्तू नाही. घरच्या पार्किंगमध्ये खांबाला कायमची लटकवून ठेवायची आणि रस्त्यावर यू-लॉक न्यायचं, ही सर्वात शहाणी वाटणी.

घडीचं कुलूप म्हणजे पट्ट्या रिव्हेटने जोडलेलं, मिटवून फ्रेमवर बसणारं. दिसतं छान. त्याचा कच्चा दुवा रिव्हेट. नामांकित कंपनीचं असेल तर चालेल, तशीच दिसणारी स्वस्त नक्कल घेऊ नका.

नंबरचं कुलूप घेतलं तर किल्ली हरवण्याची भीती नाही ना?

नाही, पण बाकी सगळी भीती आहे. तीन आकड्यांच्या कुलपात जुळण्या १,०००. एकेका जुळणीला दोन सेकंद धरले तर सगळ्या संपायला साधारण ३३ मिनिटं, आणि सरासरी अर्ध्या वेळातच सापडते. क्लासच्या बाहेर दोन तास उभ्या असलेल्या सायकलसाठी एवढा वेळ म्हणजे मुबलक. स्वस्त कुलपांमध्ये तेवढेही कष्ट नाहीत: केबल ओढून ताण दिला आणि चकत्या सावकाश फिरवल्या की बरोबर आकड्यावर चकती किंचित अडखळते, बोटाला कळतं. आणि मुलांचे नंबर? १२३४, जन्मसाल किंवा मूळ आकड्यापासून एकच चकती एक घर सरकवलेली. शेवटचा प्रकार तर मोठी माणसंही करतात.

बोहरी आळीतून साखळी आणली आणि घरातलं नवताल कुलूप लावलं तर?

कल्पना वाईट नाही, पण साखळी बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती बहुधा साध्या मऊ लोखंडाची असते, सामान बांधायला आणि गेटला घालायला. जाड असली तरी कटरचं पातं तिच्यात रुतत जातं. कुलपासाठी कडक केलेलं पोलाद लागतं. ओळखायची साधी रीत: कानस घेऊन कड्यावर घासा. मऊ लोखंडावर कानस धरते, चकचकीत ओरखडा उठतो आणि कीस पडतो. कडक पोलादावरून ती काचेवरून घसरावी तशी निसटते. दुकानदार कानस घासू देईल का, हा पुण्यातला वेगळा प्रश्न. फूटभर नमुना विकत घ्या आणि घरी घासून बघा.

पॅडलॉकच्या बाबतीत मेख कडीत असते. नवतालसारखी लिव्हरची कुलपं किल्लीच्या बाजूने भक्कम असतात, पण लांब कडी उघडी राहिली तर चोर किल्लीच्या वाटेला जाईलच कशाला? तो कडी कापेल. आखूड कडीचं, खांदे वर आलेलं, कटरचा जबडा आत शिरू न देणारं कुलूप घ्या. साखळी १४ मिमी आणि कुलपाची कडी ८ मिमी असेल तर तुमची साखळी ८ मिमीचीच.

जाडी किती हवी? आणि ती 'सिक्युरिटी लेव्हल ८' वगैरे काय भानगड आहे?

ढोबळ हिशोब असा: कडक पोलाद असलं तरी १० मिमीपर्यंत हाताच्या मोठ्या कटरने तुटू शकतं. १३-१४ मिमीला दमछाक होते. १६ मिमी हाताच्या कटरला दाद देत नाही.

कंपनीने पाकिटावर छापलेले आकडे त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. एकीचं ८ आणि दुसरीचं ८ यांचा काही संबंध नाही. बाहेरची तपासणी बघायची तर ब्रिटनच्या 'सोल्ड सिक्युअर'चा शिक्का बघा, त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा चढत्या पायऱ्या आहेत. नेदरलँड्सचा 'एआरटी' ताऱ्यांमध्ये मोजतो. पुण्यात रोजच्या वापरातल्या मध्यम किमतीच्या सायकलला सिल्व्हर पुष्कळ झालं.

किल्ली गोल नळीसारखी असेल तर जपून. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची तशा किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात हे उघड झालं आणि कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. मोठ्या कंपन्या त्यानंतर त्या रचनेपासून लांब गेल्या, पण स्वस्त मालात ती अजून दिसते. चपटी, दोन्ही बाजूंनी खाचा असलेली किल्ली बरी.

कुलपावर किती खर्च करावा?

सायकलच्या किमतीच्या साधारण दहा टक्के असा सगळीकडे चालणारा ठोकताळा आहे. वीस हजारांच्या सायकलला दोन हजारांचं कुलूप. पण पाच हजारांच्या सायकलला पाचशेचं, असं मी म्हणणार नाही. त्या किमतीत धड यू-लॉक मिळणं कठीण. तिथे थोडे जास्त घाला, सायकल बदलली तरी कुलूप राहतं.

ग्राइंडर आणला तर?

तर बहुतेक कुलपं मिनिट-दोन मिनिटांत जातात. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर हल्ली सहज मिळतो. त्याला टिकणारी कुलपं परदेशात निघाली आहेत, महाग आहेत. पण ग्राइंडरला ठिणग्या आणि कर्कश आवाज असतो. सदाशिव पेठेत दुपारी एक ते चारमध्ये कुणी ग्राइंडर लावला तर चोर म्हणून नसला तरी झोपमोड केली म्हणून नक्की धरला जाईल. थट्टा सोडा, सायकल लोकांच्या नजरेच्या टप्प्यात बांधायची ती यासाठीच.

बाहेर कशाला बांधावी?

आधी हात लावून हलवून बघा. फूटपाथचं रेलिंग नट-बोल्टवर असतं, कधी एखादा पाइप आधीच सुटलेला असतो. 'नो पार्किंग'चा खांब बुटका असेल आणि वर फलक नसेल तर सायकल कुलपासकट उचलून वरून काढता येते. कोवळं झाड तर नकोच. सायकल जाईल आणि झाडही. मॉल, हॉस्पिटल, ऑफिस यांच्या पार्किंगमध्ये 'वाहन स्वतःच्या जबाबदारीवर' ही पाटी असतेच. पैसे देऊन लावली तरी पावतीच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

सोसायटीत एक गोष्ट मुद्दाम सांगायची: गॅसच्या पाइपला सायकल बांधू नका. पार्किंगच्या भिंतीवरून जाणारा तो पिवळा पाइप हाताशी असतो, पक्का वाटतो आणि दर दुसऱ्या इमारतीत त्याला एखादी सायकल बांधलेली दिसते. सायकल पडली, कुणी हिसका दिला, चोराने कटर लावला, तर सांधा ढिला होऊ शकतो. आगीच्या लाल पाइपलाही नको. ऐनवेळी जवानांना तिथे हात घालावा लागतो.

मग पार्किंगमध्ये बांधायला काहीच नसेल तर?

करून घ्या. फॅब्रिकेटरकडून जाड सळईचा यू वाकवून घ्यायचा, पायांना पट्ट्या वेल्ड करायच्या आणि अँकर फास्टनरने काँक्रीटच्या जमिनीत बसवायचा. बोल्टची डोकी वेल्ड करून टाकायची, नाहीतर पान्याने खोलता येतील. कॉलम किंवा बीमला भोकं पाडू नका; कॉलमभोवती साखळीचा वळसा घाला, तोही उत्तम खुंटा आहे. खर्च फार नाही. खरा खर्च कमिटीच्या बैठकीत होतो, कारण कुणाच्या चारचाकीच्या जागेतली दोन फूट जाणार हे ठरेपर्यंत पुढची वार्षिक सभा येते. चारपाच सायकलवाल्यांनी एकत्र अर्ज दिला तर लवकर होतं.

कुलूप नेमकं कुठून घालायचं?

फ्रेममधून. फक्त पुढच्या चाकातून घातलं तर चाक खुंट्याला राहतं आणि बाकी सायकल जाते. एकच यू-लॉक असेल तर मागचं चाक, फ्रेम आणि खांब एकत्र घ्या. पुढच्या चाकाला केबल. कुलूप जमिनीवर टेकलेलं नको, कारण टेकलं की हातोड्याला ऐरण मिळते. किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवा.

सीट आणि चाकं चोरणारे वेगळे असतात का?

बहुधा हो, आणि त्यांना वेळही कमी लागतो. चाकाला किंवा सीटला हाताने उघडणारा क्विक रिलीजचा खटका असेल तर काही सेकंदांचं काम. दुकानात सांगून त्याजागी अॅलन कीने उघडणारा दांडा बसवून घ्या. सीट फार महागाची असेल तर जुन्या सायकल चेनचा तुकडा ट्यूबमध्ये घालून सीटच्या पट्टीतून फ्रेमला कायमचा अडकवा. लाइट, पंप, मीटर खिशात.

रविवारी सिंहगडाकडे जातो, जड कुलूप कोण वाहणार?

कुणी नाही. खडकवासल्याला भजी खायला थांबलात तर सायकली एकमेकींत अडकवून एक हलकी केबल सगळ्यांतून ओवा आणि टेबल सायकलींसमोरचं धरा. एक जण कायम बाहेर. सायकलची चेन सर्वात वरच्या गिअरला टाकून ठेवली तर उडी मारून पळणाऱ्याला पहिल्या पायडललाच जड जातं. तेवढ्यात तुम्ही खुर्चीवरून उठलेले असता.

एअरटॅग लपवला तर सायकल सापडेल?

कधीकधी. एअरटॅग म्हणजे वस्तूची जागा सांगणारी अॅपलची छोटी चकती. तिच्यात जीपीएस नाही. आसपासच्या अॅपल फोनच्या आधाराने ती जागा सांगते. पुण्यात फोन भरपूर, त्यामुळे शहरात चालते. सायकल टेम्पोत टाकून एखाद्या गोदामात गेली की शांत. शिवाय कुणाचा तरी टॅग आपल्यासोबत फिरतो आहे हे चोराच्या फोनलाही काही वेळाने कळतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी गुगलच्या जाळ्यावर चालणारे तसेच टॅग मिळतात. लपवायचा तर सीटखाली नको, तिथे सगळेच बघतात. धातूच्या नळीत पूर्ण बंद केलात तर सिग्नल दबतो.

जीपीएस म्हणजे रामबाण नव्हे, हे पुण्याने पाहिलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, जीपीएस असलेली, फोनने उघडणारी कुलपं घेऊन. तरी सायकली मोडल्या गेल्या, काही लोकांनी चक्क घरी नेऊन ठेवल्या.

टॅगने जागा दाखवली तर एकट्याने जाऊन दार ठोठावू नका. आधी ११२.

पावसाळ्यात कुलूप जाम होतं, खोबरेल घालू का?

नको, ते चिकटून धूळ धरतं. शिलाई मशिनचं पातळ तेल दोन थेंब किंवा ग्राफाइटची पूड. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा.

नवी सायकल घेतली. आज काय करू?

सायकल उलटी करा. पायडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला बहुधा फ्रेम नंबर कोरलेला असतो. काही सायकलींना तो सीटच्या नळीवर किंवा पुढे हँडलखाली असतो. चिखल पुसून फोटो काढा. पूर्ण सायकलचा उजव्या बाजूने एक फोटो, तुम्ही सायकलसोबत असलेला एक. बिलावर फ्रेम नंबर लिहून मागा. दुकानदार कंटाळा करतो, तरी मागा. पूर्वी सायकलला कराचा बिल्ला लागायचा, तेवढीतरी ओळख असायची. आता नंबरप्लेट नाही, आरसी बुक नाही. सायकल तुमची आहे याचा पुरावा तो नंबर आणि ते बिल.

सायकल चोरीला गेली. पहिल्यांदा काय?

फुटेज वाचवा. सेक्रेटरींकडून आणि शेजारच्या दुकानातून त्या वेळेचं रेकॉर्डिंग कॉपी करून घ्या. मग ज्या हद्दीत चोरी झाली त्या पोलिस ठाण्यात जा. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे बोपोडी-दापोडीच्या सीमेवर राहणाऱ्यांना 'आमची हद्द नाही' ऐकावं लागतं. नव्या फौजदारी कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंदवून घेतच नसतील तर पोलिस उपायुक्तांना लेखी पाठवता येतं.

'हरवली असं लिहा, सोपं पडेल' असं सांगितलं तर?

लिहू नका. वस्तू गहाळ झाल्याची ऑनलाइन नोंद कागदपत्रं, सिमकार्ड यांच्यासाठी ठीक. चोरी म्हणजे चोरी: भारतीय न्याय संहिता, कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. राहत्या घरातून किंवा इमारतीतून झालेल्या चोरीसाठी कलम ३०५ वेगळं आहे, त्यात सात वर्षांपर्यंत. म्हणून 'राहत्या इमारतीच्या पार्किंगमधून' हे शब्द फिर्यादीत येऊ द्या.

किमतीचा मुद्दाही आहे. साध्या चोरीत मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते आणि तपास बहुधा तिथेच थांबतो. बिल दाखवता आलं तर किमतीवर वाद राहत नाही. ते बिल जपायचं ते यासाठी.

सायकल सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि न्यायालयाच्या आदेशाने ताब्यात मिळते. तेव्हा पुन्हा बिल आणि फ्रेम नंबर.

जुन्या बाजारात चक्कर मारू का?

बुधवारी किंवा रविवारी मारा, हरकत नाही. निदान चार जुने पाने स्वस्तात मिळतील. पण आता जुन्या सायकली फोनवरच्या जाहिरातींतून जास्त विकल्या जातात. तिथे पहिले काही आठवडे शोध चालू ठेवा, शेजारच्या शहरांच्या नावानेही. दिसली तर ग्राहक म्हणून बोला, फोटो मागा आणि पोलिसांना सोबत घ्या.

स्वस्तात जुनी सायकल मिळते आहे. घेऊ?

बिल नाही, फ्रेम नंबर खरवडलेला, 'मित्राची आहे, पुणे सोडून चाललाय': यातलं काहीही असेल तर नको. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे. चाळीस हजारांची सायकल पाच हजारांत मिळणं हे कारण म्हणून पुरतं. व्यवहार पक्का वाटला तरी विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या, त्यावर फ्रेम नंबर आणि ओळखपत्राची प्रत.

विमा काढावा का?

सायकल महागडी असेल तर काढावा, पण अटी वाचून. घरातल्या सामानाच्या पॉलिसीत पुष्कळदा कडी-कोयंडा तोडल्याची खूण मागतात. पार्किंगमधली सायकल त्यात बसते का, हे एजंटला तोंडी नको, ईमेलवर विचारा.

किल्लीच हरवली. आता?

चांगल्या कुलपासोबत किल्लीचा क्रमांक असलेलं कार्ड किंवा पत्र्याचा बिल्ला येतो. त्यावरून काही कंपन्या नवी किल्ली पाठवतात. तो क्रमांक पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा आणि दुसरी किल्ली घरच्या जुडग्यात नको, वेगळ्या ठिकाणी. कार्डही नसेल तर फॅब्रिकेटरला ग्राइंडर घेऊन बोलवा, फ्रेमवर ओलं फडकं गुंडाळा म्हणजे ठिणग्यांनी रंग जळणार नाही, आणि त्याआधी बिल हातात घेऊन वॉचमनला कल्पना द्या.